अमिनाची कोयी

अब्दुल गनी पिंजारी गल्लीत शिरला की आधी आवाज यायचा, मागून माणूस. खांद्यावर पुरुषभर लांबीची कमान, तिला ताणून बांधलेली आतड्याची तात. चालता चालता तो तातीवर बोट मारायचा, टँव टँव. बाया ओट्यावर येऊन उभ्या. लाकडी मोगरीनं तात ठोकली की गादीतला दगड झालेला कापूस असा उडायचा की पाहणाऱ्याच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. आमच्या जांभुळझरीतल्या झाडून साऱ्या गाद्या त्याच्या हातच्या. गाव घाटंजीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर, चौफेर कापूस. पिंजाऱ्याला कामाचा तोटा नव्हता.

गनी वाळका, उंच, कानात सदा रुई. जीभ तिखट. कोणी म्हटलं, "गनीभाई, गादी लयच पातळ झाली गा," की तो म्हणायचा, "गादी तेवढीच हाय. तुई बायको जाड झाली." ऐकणारा हसायचा, बायको आठवडाभर बोलायची नाही.

त्याची बायको अमिनाबी वणीची. भाऊ अय्यूब तिकडं ट्रक दुरुस्त करायचा. गनी कापूस पिंजायचा, अमिना खोळीत भरून टाके घालायची. घरात त्यांची बोली अर्धी हिंदी, अर्धी आमची. मी आपल्या बोलीत सांगतो, तेवढं चालवून घ्या.

त्यांच्या घरात एक रीत होती. झाडू आढ्यापर्यंत जायचा नाही. कोळ्याला आम्ही कोयी म्हणतो. शहरातले नाक मुरडतात, मुरडू द्या. तर त्या घरात कोयी मारायची नाही अन् तिचं जाळं तोडायचं नाही. एक कारण धंद्याचं. तात तुटली की चाबकासारखी येते. गनीच्या हातावर, गालावर तिचे वळ होते. तुटली की अमिना कोपऱ्यातलं जाळं बोटाला गुंडाळून आणायची अन् जखमेवर दाबायची. रक्त थांबायचं. दुसरं कारण दीनाचं, म्हणजे धर्माचं. हुजूर, म्हणजे पैगंबर, गुफेत लपले, दुश्मन मागावर आले, तेव्हा कोयीनं गुफेच्या तोंडावर जाळं विणलं. दुश्मनानं पाहिलं, जाळं शाबूत आहे, आत कोण असणार? माघारी गेले. अमिनानं हे लहानपणी ऐकलेलं. ती म्हणायची, "जिनं हुजुरायले राखलं तिले मी झाडूनं मारू?"

ही कोयी काही मोठी नव्हे. तांदळाएवढं अंग अन् केसासारखे लांब पाय. जाळ्याला धक्का लागला की आपल्याच जागी गरगर झुलते, इतकी की दिसेनाशी होते. त्यांची पोरगी अकीला, चार वर्षांची, तोंड वर करून फुंकर घालायची अन् कोयी झुलली की खिदळायची.

शेजारची प्रभावती चिडवायची, "अमिना, तुह्या घराचं छप्पर कोयीनंच धरून ठेवलं का वं?"

"हो ना बाई. तुमी पोसली नाई म्हनून तुमचं वाकलं."

आपला मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या सालची गोष्ट. पाऊस लांबला होता. तांड्यावरच्या गुलाबसिंग नायकाच्या घरी दिवाळी झाली की लग्न होतं, घरभर गाद्यांचं काम होतं. दिवस पुरेना. गनी दिवेलागण झाल्यावरही पिंजायचा. कंदील आढ्याला टांगलेला, खाली कापसाचा ढीग, ढिगावर अकीला. तातीच्या आवाजाशिवाय तिला झोप लागायची नाही.

एका सकाळी पोरीच्या गालावर लाल पट्टा दिसला. कानशिलापासून डोळ्यापर्यंत, तापली उलथनी टेकवावी तसा. वर बारीक पाण्याचे फोड.

प्रभावती आली, हनुवटी धरून पाहिलं अन् म्हणाली, "कोयी मुतली."

आमच्याकडं याला कोणी रोग म्हणत नसे. झोपेत अंगावर असं पुरळ उठलं की कोयी मुतली. त्याचा इलाज साऱ्यांना पाठ, आंबोशी उगाळून लावायची. आपोआप उतरते. दवाखान्यात गेलं तर लोक हसतील. प्रभावतीनं आपल्या घरची आंबोशी आणली, स्वतः उगाळली, स्वतः लावली. पोरगी आगीनं किंचाळली अन् फोड खाजवू लागली. दुसऱ्या दिवशी डोळा सुजून बंद. गाल दगडासारखा. अंगात ताप.

अमिना म्हणाली, "ओ, गाडी सांगा. घाटंजीले दवाखान्यात नेऊ."

"कोयी मुतल्यावर डाक्टर काय करते? घरात हे जायं लोंबते, रोज मुतंल. पहिले हे साफ कर."

"साफ मंग करू. पोट्टी पाहा ना."

गनीनं ऐकलं नाही. त्याला भीती वाटत होती, अन् भ्यालेल्या माणसाला हाताला काहीतरी काम लागतं. त्यानं झाडू बांबूला बांधला अन् आढं झोडपलं. कोपरे खरवडले. कडुनिंबाचा पाला पेटवून घरभर धूर केला. अमिनानं झाडूचा बांबू धरला, तर तिला ढकललं. धुरात पोरगी खोकत होती. घर साफ झालं, ताप तसाच. मग गाडी जुंपली. अमिना मागं पोरीला मांडीवर घेऊन बसली, गनी गाडीमागं चालत. वाघाडीच्या उतारावर आले अन् अमिना गाडीवानाला म्हणाली, "भाऊ, बैल सावकाश हाक. आता घाई नाई."

मातीहून लोक परत आले. अंगणात सारं गाव जमलं होतं, तांड्याची माणसं पण होती. कोणी पाण्याचा लोटा गनीपुढं केला. त्यानं तो घेतला नाही. ओसरीत बसलेल्या बायकोकडं बोट केलं अन् म्हणाला, "हिनं पोसलेल्या कोयीनं माही पोट्टी खाल्ली. इचारा तिले. म्या कितीदा म्हनलं, झाडून काढ. नाई काढलं."

यातलं शेवटचं बोलणं खोटं होतं. जाळी तोड असं गनी त्या आधी कधी म्हणाला नव्हता. जखमेला तोच जाळं मागायचा. पण बाप रडत बोलत होता, त्याला कोण अडवणार? अमिनानं मान वर केली नाही. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. चार दिवसांनी अय्यूब आला अन् बहिणीला वणीला घेऊन गेला. गनीनं तलाक दिला नाही अन् परत ये म्हणून निरोपही धाडला नाही.

गावाला मात्र एक शब्द मिळाला. कोणाच्या लेकराला पुरळ उठलं की, "अमिनाची कोयी मुतली." जाळी लोंबणारं घर दिसलं की, "काय वं, अमिनाचं घर करतं का?" सासू सुनेला बोलायची, नवरा बायकोला. अमिना गेली ती वणीला, तिचं नाव गावातच राहिलं, अन् लोक त्याला पाय पुसत राहिले.

गनीचं डोकं एका गोष्टीत बिघडलं. दिसली कोयी की मार. आपल्या घरातली मारलीच, पण गादी पिंजायला जाईल त्या घरातलीही आढ्यापर्यंत हात घालून मोगरीनं चिरडायचा. भिंतींना चुना देत राहायचा. मारोतीच्या हॉटेलात त्याला नाव पडलं, कोयीचा जल्लाद. मारोती माणूस वाईट नव्हता. त्याच्या चहाला रंग नसायचा, तो रंग त्याच्या गोष्टीत असायचा.

अशी पाचएक वर्षं गेली. महाराष्ट्र झाला, त्याच्या पुढच्या साली माणसांची खानेसुमारी होऊन गेली, अन् भादव्यात मोटारीतून एक पोरसवदा मास्तर उतरला. धर्मपाल खोब्रागडे. अमरावतीच्या कॉलेजात शिकवायचा. बाप आर्णीकडचा, शेतमजूर. खोब्रागड्यांच्या घरानं नागपूरला जाऊन धर्म बदललेला. मास्तराच्या पिशवीत बाटल्याच बाटल्या. मारोतीच्या हॉटेलात त्यानं विचारलं, "मले कोयी पाह्यजेत. घरातल्या, झाडावरच्या, जशा भेटतीन तशा. कोनत्या जातीची कोयी कोनत्या गावात राह्यते ते लिहून राह्यलो."

मारोती म्हणाला, "मानसाची मोजनी झाली तं आता कोयीची? तिचा अंगठा कुठं घेसान?"

हॉटेल हसलं. मास्तरही हसला. मारोती पुढं म्हणाला, "आमच्या गावात कोयीचा जल्लाद हाय, त्याले पुसा. त्याच्याइतक्या कोनंच नाई पाह्यल्या."

मास्तराला गावात खोली मिळाली नाही. जागा नाही असं सारे म्हणाले, अन् आडनाव ऐकल्यावर म्हणाले. गनीनं आपली ओसरी दिली. विचारलं एवढंच, "कोयी घेऊन करता काय, मास्तर?"

"इस्पिरिटमधी टाकतो. मरते अन् सडत नाई."

"दारूत बुडवून मारता? मंग बेस. आनून देतो."

तो खरंच आणून द्यायचा. आधी चिरडलेल्या आणल्या, मास्तर म्हणाला अख्खी पाहिजे, मग अख्ख्या आणू लागला. पऱ्हाटीच्या झाडावरच्या, बोरीच्या काट्यातल्या, वहाणेखालच्या. संध्याकाळी मास्तर भिंगाखाली एकेक धरायचा अन् वेगळ्या बाटलीत टाकायचा. ही जाळं विणत नाही, उडी मारून धरते, हिचे पुढचे दोन डोळे मोठे. ही भिंतीला चपटी बसते. ही वावरात चाकासारखं गोल जाळं करते. डोळे कसे मांडलेले, पाय कसे, जाळं कसं, यावरून कूळ ठरतं. गनीला वाटलं होतं कोयी म्हणजे कोयी. आता ओसरीवर दहा खानदानं मांडलेली.

"म्या तं साऱ्यायले एकाच मोगरीनं मारलं," तो म्हणाला.

मग एका दिवशी मास्तरानं स्वतःच मशिदीच्या पडवीतून एक आणली. तांदळाएवढं अंग, केसासारखे पाय. बाटलीला टिचकी मारली, ती गरगर झुलली. गनी उठून अंगणात गेला.

"चाचा, या ना. हे पाहा. हे तं लय दूरदूर पसरलेलं कूळ हाय. ढाणकीच्या बाजारात सापडली, उमरखेडले सापडली. अन् इथंच नाई. आफ्रिकेत हे कूळ हाय, अमेरिकेत हाय, सिलोनात हाय. कोनी जंगलात राह्यते, कोनी गुफेत, अन् काही जाती मानसाच्या घराच्या आसऱ्यानं राह्यल्या, त्या मानसाच्या सामानात, जहाजात बसून दुनियाभर गेल्या. मानूस जिथं घर बांधते तिथं हे मांगून येते." मास्तरानं भिंग पुढं केलं. "हिच्या तोंडात पाहा. गोटी दिसते ना? अंडी हायेत. हे कूळ अंडी भितीले चिकटवून नाई देत, पिल्लं निघतवरी आई तोंडात धरून राह्यते. तोंड भरलेलं, मंग खानंपिनं जवळपास बंदच."

गनीनं भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "हे मुतते तवा तोंडातून मुतते का मांगून?"

"मुतते म्हंजे?"

"मानसावर. झोपेत. फोड येते, ताप येते, लेकरू मरते."

मास्तर हसणार होता, पण समोरचं तोंड पाहून थांबला. म्हणाला, "चाचा, हे कोनावर मुतत नाई. हिचा डंख मानसाच्या कातडीत शिरत बी नाई."

"तुमाले काय मालूम! माही पोट्टी गेली ना." गनीनं स्वतःच्या गालावर बोट ओढून दाखवलं, कानशिलापासून डोळ्यापर्यंत.

मास्तर एकेक विचारत गेला. पट्टा होता का गोल चट्टा? पट्टा. कोणता महिना? पाऊस होता का? घरात उजेड होता का? गनी उत्तरं देत गेला. बोलण्यात कंदील आला अन् मास्तर उठला. त्यानं ओसरीतला कंदील खाली ठेवला, वात मोठी केली अन् दोघं बसले. पाऊस पडून गेलेला, किडे येत होते. त्यात मुंगीसारखा एक लांबट किडा आला, मधे नारिंगी, डोकं अन् शेपूट काळं, शेपूट वर करून पळणारा.

"हा," मास्तर म्हणाला. "हा उजेडावर येते. चावत नाई. अंगावर बसला अन् झोपेत हातानं चिरडला, का याच्या आंगातलं पानी कातडीले जाळते. पट्टा उठते. साबनानं धुतलं तं बरं होते. चोळलं, खाजवलं, काही लावलं अन् जखम चिघळली, तं ताप चढते. मंग दवाखाना पाह्यजे. लवकर पाह्यजे."

"खोटं हाय."

मास्तरानं तो किडा उचलला अन् आपल्या उजव्या हातावर चिरडून रेघ ओढली. डाव्या हातावर मशिदीतली कोयी सोडली. ती कोपरापर्यंत फिरली, दंडावर चढली, त्यानं तिला परत बाटलीत घेतलं. "आता दोन दिवस पाहा."

दोन दिवसांनी डावा हात साफ होता. उजव्यावर लाल पट्टा अन् बारीक पाण्याचे फोड. गनीनं तो हात धरला. दुसऱ्या हातानं कंदील उचलला, अंगणात नेला अन् दगडावर आपटला. काच साऱ्या अंगणात उडाली. प्रभावती पलीकडून ओरडली, "काय फुटलं गा गनीभाऊ?" 

मास्तर गेल्यावर आठवडाभरात गनी वणीला गेला. अय्यूबचं घर ट्रकांच्या अड्ड्यामागं, दारापुढं कोळशाची भुकटी. अय्यूबची बायको हुस्नाबी दारात लेकराला नहाऊ घालत होती. तिनं ओळखलं अन् पदर सारखा केला. म्हणाली, "अल्ला! रस्ता सापडला का दूल्हाभाईले?"

"अमिना?"

"भिती घासून राह्यली. दुसरं काय करते? पाच वर्सं झाले, माह्या घरात कोपरा काळा होऊ देत नाई. चुन्यानं बोटं फाटले." मग आवाज उतरवून म्हणाली, "अन् एक सांगू? पाच वर्सांत माह्या एका बी लेकराले तिनं उचललं नाई. रडून राह्यलं तरी हाका मारते मले. म्हंते, माह्या हाताले नका देऊ, भाभी."

अमिना आली. केस पिकले होते. ती दाराच्या आत बसली, गनी बाहेर. अय्यूब ट्रकाखालून निघून हात पुसत येऊन उभा राहिला.

गनीनं सारं सांगितलं. मास्तर, बाटल्या, किडा, दोन हात. अमिना ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "म्हंजे कोयी नव्हती?"

"नव्हती."

"उजेडावर आला म्हंता. कंदील कोनाचा होता?"

"माहा."

"अन् दवाखाना कोन म्हनत होतं?"

"तू."

हुस्नाबीच्या हातातलं लेकरू ओल्या अंगानं रडत होतं. अमिना हात उलटेसुलटे करून पाहत राहिली. चुन्यानं कातडी पांढरी पडून तडकली होती. मग हळूच म्हणाली, "अन् मी रोज माफी मागत होती अकीलाची. रोज. झोपाच्या पहिले."

गनी म्हणाला, "चल घरी. चूक झाली."

"मले कुठं बोलला होता तुमी?"

"अंगनात."

"कोन कोन होतं?"

"सारं गाव."

"मंग मले एकटीले इथं येऊन काय सांगता?" आता तिचा आवाज चढला. "माह्या नावानं तिकडं काय म्हंतात ते इथवर येते. ट्रकवाले सांगतात. मी येईन, तुमच्या घरात राहीन, अन् गल्लीतून निघाली का पोट्टे म्हनतीन, पाहा कोयीवाली आली. ज्या अंगनात बोलला त्या अंगनात सांगा. गाव मानंल त्या दिवशी निरोप धाडा. मी येतो. नाई मानलं तं नका धाडू."

अय्यूब म्हणाला, "अन् दूल्हाभाई, निरोप आला का मी पहिले येऊन पाहीन. हे येडी तुमच्यावर भरोसा ठेवंल. मी नाई ठेवत."

गनी परत आला. पुढच्या बाजारच्या दिवशी अंगणात लोक बोलावले अन् उभा राहून बोलला. म्हणाला, मी खोटं बोललो. कोयी नव्हती. जाळी झाड असं मी कधीच म्हणालो नव्हतो. दवाखाना ती म्हणत होती, मी धूर करत बसलो. गुलाबसिंग नायक मान हलवून म्हणाला, "ऱ्हाय शकते. किडाच ऱ्हाईन." काही लोकांनी पानं थुंकली. मारोतीनं विचारलं, "एवढासा किडा मानसाले मारते?"

"किडा नाई मारत. आपून मारतो."

हे लोकांना आवडलं नाही. सगळ्यात जास्त प्रभावतीला. आंबोशी तिनं लावली होती. ती पुढं येऊन म्हणाली, "म्हंजे म्या मारली का तुई पोट्टी? सांग ना. चार लोकांत सांग." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गनी म्हणाला, "तसं नाई म्हनत, प्रभाबाई." ती म्हणाली, "मंग कोयीच होती. म्या पाह्यलं ना डोयानं." अन् पदर तोंडावर घेऊन निघून गेली. कोयी होती तोवर सारेच मोकळे होते. किडा म्हटल्यावर ज्यानं त्यानं आपापलं काय केलं ते आठवायला लागलं असतं. एवढं काम गावानं का करावं?

तरी गनीनं सोडलं नाही. ज्या घरी कमान घेऊन जाई तिथं आधी गोष्ट, मग कापूस. अंधार पडला की काम बंद. लग्नघरचे शिव्या द्यायचे. मास्तर एकदा मुद्दाम आला, चावडीवर बाटलीतला किडा दाखवून गेला. पुढचा पावसाळा आला अन् गनीला फरक दिसला. बायांनी लेकरांच्या खाटा उजेडापासून लांब ओढल्या. मारोतीनं हॉटेलातला कंदील बाहेर बाभळीला टांगला, म्हणाला, "तो तुहा नारिंगी साला इकडंच मरू दे." कोणाच्या पोराला पट्टा उठला तर साबणानं धुतलं. प्रभावतीनंही आपल्या नातवाला धुतलं, गनीनं भिंतीवरून पाहिलं. तोंडानं ती काही बोलली नाही.

त्याला वाटलं, गाव मानलं. आणखी काय मानायचं असतं? वणीकडं कापूस घेऊन जाणाऱ्या ट्रकवाल्याजवळ त्यानं निरोप दिला. अय्यूब मेकॅनिकला सांग, गाव मानलं.

घराला चुना दिला. नवी गादी भरली, स्वतः टाके घातले, वाकडेतिकडे. लोक चिडवायचे, "काय गनीचाचा, दुसऱ्यांदा लगन का?" तो लाजायचा, पन्नाशीला आलेला माणूस.

एका दुपारी तो तांड्यावरून परत येत होता. मारोतीनं हाक मारली, "बस गा. चहा घे. आज गिऱ्हाईक लय भेटले. वणीचा एक मेकॅनिक बी आलता, हात हे एवढे काळे. तुमच्यातलाच दिसला."

गनी कमान खांद्यावर तशीच ठेवून उभा राहिला. "काय म्हने?"

"काई नाई. चहा सांगतला. मंग इचारते, या गावात कोन्या पिंजाऱ्याची पोट्टी मेली म्हंतात, कशानं मेली? म्या सांगतली ना मंग पुरी गोष्ट. बाई कशी कोयी पोसे, घरभर जायं कसं लोंबे, पोट्टीच्या गालावर कोयी कशी मुतली. असा रंगला तो, डोये काढून आयकत होता."

"मारोती, तुले किडा माहीत हाय ना? तूच कंदील बाहेर टांगला ना?"

"हाय ना माहीत. किडाच होता तो, म्या कुठं नाई म्हंतो?" मारोती कप विसळत होता. "पर परक्या मानसाले किड्याची गोष्ट काय सांगतं? कंदील होता, किडा आला, झालं. त्यात काय हाय? कोयीची सांगतली का मानूस बसते."

गनीनं रस्त्याकडं पाहिलं. अय्यूबला घेऊन घाटंजीकडं गेलेला ट्रक केव्हाच दिसेनासा झाला होता.

"चहा पुरा पेला का त्यानं?"

"नाई ना लेका. अर्धा ठेवला," मारोती म्हणाला. "अन् पैसे पुरे देऊन गेला. चांगला मानूस होता."